दोन पॉइंट पस्तीस म्हणजे किती?

आमच्या चिचगडचा जमिनीचा कागद आणि माझ्या धंद्यातली एक्सएमएल फाइल, दोन्हींचं दुखणं एकच आहे. लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, म्हणून तो ते लिहीत नाही.

चिचगड ही पूर्वी मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यातली जमीनदारी. पटवारी खसऱ्यात, म्हणजे शेतांच्या नोंदवहीत, क्षेत्र लिहायचा ते एकर आणि डिसमिलमध्ये. डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग. 31 मार्च 1951 ला जमीनदाऱ्या-मालगुजाऱ्या गेल्या. मग मध्य प्रदेशाची 1954 ची जमीन महसूल संहिता आली, 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1999 मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. धानाची बांधी होती तिथेच राहिली. कागदाचं डोकं तेवढं बदलत गेलं. आमच्याकडे अजूनही तलाठ्याला पटवारीच म्हणतात, ते उगाच नाही.

या बदलांतलं मला सगळ्यात आवडतं काम 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं आहे. मध्य प्रदेशाच्या संहितेत भूमिस्वामी आणि भूमिधारी असे दोन प्रकारचे धारक होते. नव्या संहितेच्या कलम 29 ने विदर्भातल्या भूमिस्वामींना सर्वसाधारणपणे भोगवटादार वर्ग 1 मध्ये बसवलं आणि भूमिधारींना वर्ग 2 मध्ये. जुनं नाव कुठल्या नव्या खान्यात जाणार, हे स्वच्छ लिहून ठेवलं. प्रोग्रामर ज्याला ‘एनम’ म्हणतात, ते हेच. ठरलेल्या नावांखेरीज त्यात काही शिरत नाही. सातबाऱ्यातल्या ‘इतर अधिकार’ या रकान्याची गत उलटी. बोजा, कुळ, वाट, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथे ज्याच्या त्याच्या भाषेत कोंबलेलं. त्याला खाने पाडायला बसलेल्या माणसाची मला खरोखर दया येते.

माझ्या धंद्यातही खाने उशिराच पडले. एक्सएमएल 1.0 ही शिफारस 10 फेब्रुवारी 1998 ची. तिच्यात खुणांची (टॅगची) नावं देवनागरीतही देता येतात, <क्षेत्र>2.35</क्षेत्र> हे अगदी कायदेशीर एक्सएमएल आहे. पण मुळात तिच्यात सगळी अक्षरंच. आकडा, तारीख, होय-नाही हे प्रकार 2001 च्या एक्सएमएल स्कीमाने दिले, आणि तोवर जो तो आपापल्या सोयीने फायली लिहून मोकळा झाला होता. जावाच्या जगात सुरुवातीला लोक हाताने एकेक खूण वाचून ऑब्जेक्ट भरत. मग हे काम आपोआप करणारं डायजेस्टर आलं, मग जॅक्सबी. 2006 अखेरच्या जावा 6 मध्ये जॅक्सबी आयतंच मिळू लागलं. क्लासवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, वाचणं-लिहिणं ते बघून घेतं. 2018 च्या जावा 11 मधून ते काढलं गेलं आणि कितीतरी जुने प्रकल्प एका रात्रीत कंपाइल होईनासे झाले.

आता त्या 2.35 कडे बघा. क्लासमध्ये ‘क्षेत्र: दशांश’ लिहिलं की जॅक्सबी काही न विचारता ते भरून टाकतं. आमच्याकडचा माणूस याला दोन एकर पस्तीस डिसमिल म्हणेल, म्हणजे 0.95 हेक्टर. सातारा-सांगलीकडचा म्हणेल दोन एकर पस्तीस गुंठे, आणि गुंठा एकराचा चाळिसावा भाग, म्हणून 1.16 हेक्टर. फरक एकवीस गुंठ्यांचा. पॉइंटनंतर चाळीस किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर ते गुंठे नव्हेत एवढं कळतं, कारण चाळीस गुंठे झाले की एकर भरतो. त्याच्या खालच्या आकड्याला मात्र चेहरा नसतो. त्यातही 2.5 हे गुंठेवाल्याच्या हातचं की डिसमिलवाल्याच्या, म्हणजे दोन एकर पाच गुंठे की दोन एकर पन्नास डिसमिल, हे दशांश करताक्षणी कायमचं पुसलं जातं. मोजणीसाठीच्या लँड-एक्सएमएलमध्ये एकक सांगायला वेगळी खूण आहे. तिच्या यादीत एकर आहे, हेक्टर आहे, गुंठा नाही आणि डिसमिलही नाही.

म्हणून अशा फायलींसाठी मी ‘क्षेत्र’ हा स्वतंत्र प्रकारच करतो. आत चौरस मीटर, सोबत मूळ एकक, आणि फाइलीत होती तशी अक्षरंही. मधे एक अ‍ॅडॅप्टर बसतो. तो वाचताना एकक मागतो, नसेल तर थांबतो. परत लिहिताना जुनीच अक्षरं जशीच्या तशी उतरवतो. रिकामी खूण आणि मुळात नसलेली खूण यांनाही तो एक मानत नाही. पीक लिहिलेलं नाही म्हणजे जमीन पडीक होती असं थोडंच आहे? तरुण सहकाऱ्यांना हा सगळा खटाटोप वाटतो. वाटो.

चिचगड-देवरीकडे कुणाच्या पेटीत जुन्या बंदोबस्ताच्या मिसलीची, म्हणजे जमीन-नोंदींच्या कागदपत्रांची, नक्कल असेल, तर तिचा नीट फोटो काढून ठेवा. नुसते आकडे टिपून घेऊ नका. रकान्यांची डोकी, समासातले शेरे आणि कोपऱ्यातलं एकक सगळं त्यात आलं पाहिजे.