मुकुटाचे एक वर्ष

१९६६ च्या नोव्हेंबर महिन्यातील १७ तारखेस लंडनच्या लायसियम नृत्यगृहात जगत्सुंदरीची निवड झाली, आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या रीटा फारिया ह्या विद्यार्थिनीच्या मस्तकी तो मुकुट चढला. आशियातील स्त्रीला हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. ह्या प्रसंगाची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. मुकुट डोक्यावर बसतो, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि तेथेच बहुतेकांची आठवण थांबते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला खरे कुतूहल वाटते ते त्यानंतरच्या एका वर्षाचे. हे वर्ष कोणाचे असते? ते त्या युवतीचे असते, स्पर्धा भरविणाऱ्यांचे असते, की तिच्या देशाचे असते? ह्याच प्रश्नाचा विचार आज आपल्यापुढे मांडण्याचा माझा हेतू आहे.

प्रथम ही स्पर्धा आली कोठून ते पाहू. १९५१ साली इंग्लंडमध्ये 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' नावाचा मोठा राष्ट्रीय महोत्सव भरला होता. त्या निमित्ताने एरिक मॉर्ली ह्या करमणूक-व्यावसायिकाने पोहण्याच्या तोकड्या पोशाखातील तरुणींची एक स्पर्धा योजिली. वृत्तपत्रांनी तिला 'मिस वर्ल्ड' हे नाव दिले, आणि ते कायम झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत 'मिस युनिव्हर्स' ही दुसरी स्पर्धा निघाली. तिची जन्मकथा तर अधिक बोलकी आहे. 'मिस अमेरिका' म्हणून निवडल्या गेलेल्या योलांद बेटबीझ ह्या युवतीने पोहण्याच्या पोशाखात मिरविण्यास साफ नकार दिला. तो पोशाख बनविणाऱ्या कंपनीने रागावून आपली निराळी स्पर्धा उभी केली. म्हणजे एका स्पर्धेच्या मुळाशी महोत्सवाची जाहिरात, तर दुसरीच्या मुळाशी कापडाचा व्यापार! सौंदर्याची पूजा हा शब्द आपण वापरतो खरा. पण ह्या देवळाचा पाया बाजारपेठेत घातला गेला होता, हे विसरता कामा नये. १९५२ साली कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे भरलेल्या त्या पहिल्या विश्वसुंदरी-स्पर्धेत भारताच्या वतीने इंद्राणी रहमान गेल्या होत्या. भारतीय अभिजात नृत्याची कीर्ती परदेशी नेणाऱ्या नर्तकी म्हणून त्या पुढे जगन्मान्य झाल्या. त्यांची ओळख त्या स्पर्धेवर अवलंबून राहिली नाही.

आपल्या मराठी मुलखात ह्या विषयाची चर्चा त्याहूनही जुनी आहे. १९३८ साली 'ब्रह्मचारी' हा बोलपट आला. कथा आचार्य अत्र्यांची आणि दिग्दर्शन मास्टर विनायकांचे. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या नायकाच्या फजितीची ती गोष्ट. तीत मीनाक्षी शिरोडकर ह्या अभिनेत्री पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या, आणि महाराष्ट्रात एकच गहजब उडाला. कोणी नाके मुरडली, कोणी पुन्हापुन्हा तिकिटे काढली. आणि नाके मुरडणारे व तिकिटे काढणारे हे सर्वस्वी निराळे लोक होते, असे छातीठोकपणे कोणी सांगावे? त्या वादात एक गोष्ट मात्र ठळकपणे दिसते. पोशाखाविषयी सर्वांनी मत दिले. पण तो घालणाऱ्या स्त्रीला स्वतःला काय वाटले, ह्याची विचारपूस फारशी झाली नाही.

ह्या पार्श्वभूमीवर १९६६ सालाकडे वळू. रीटा फारिया मुंबईत जन्मलेल्या, आईवडील मूळचे गोव्याचे. गोमंतक पोर्तुगीज सत्तेतून मुक्त होऊन अवघी पाच वर्षे झाली होती. देशात दुष्काळाची छाया होती, जून महिन्यात रुपयाचे अवमूल्यन झाले होते, आणि परकीय चलन औषधालाही मिळत नव्हते. मौजेखातर त्यांनी मुंबईतील स्पर्धेत भाग घेतला, पुढे देशातील स्पर्धा जिंकली, आणि लंडनला निघाल्या तेव्हा त्यांच्यापाशी होते तीन पौंड. साडी मैत्रिणीची, आणि पोहण्याचा पोशाख आदल्या वर्षीच्या भारतसुंदरी पर्सिस खंबाटा ह्यांच्याकडून उसना आणलेला. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत लग्नकार्याला शेजारणीचा दागिना घालून जाण्याची रीत होती. तिच्याच चालीवर ही जागतिक स्वारी निघाली होती म्हणा ना!

परीक्षकांनी त्यांना डॉक्टर का व्हायचे आहे असे विचारले. भारताला प्रसूतितज्ज्ञांची गरज आहे, असे त्यांनी सांगितले. तुमच्या देशात मुले आधीच पुष्कळ आहेत की, असा खोचक शेरा आला, तेव्हा तेच तर थांबवायचे आहे, अशा अर्थाचे हजरजबाबी उत्तर त्यांनी दिले. त्या उत्तरात चातुर्य तर आहेच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्या व्यासपीठावर त्यांचा देह मोजला जात होता तेथे त्यांनी आपल्या विद्येविषयी बोलून दाखविले.

मुकुट मिळाला, आणि मघाचा प्रश्न उभा राहिला. विजेतीचे पुढील वर्ष कराराने बांधलेले असते. त्याच डिसेंबरात बॉब होप ह्या अमेरिकन विनोदी नटाच्या ताफ्याबरोबर नाताळनिमित्त दक्षिण व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांच्या करमणुकीसाठी जगत्सुंदरीला नेण्याचे ठरले. आता हिंदुस्थानची भूमिका पाहा. १९५४ च्या जिनीव्हा करारानंतर व्हिएतनामसाठी जे आंतरराष्ट्रीय नियंत्रण-मंडळ नेमले गेले, त्याचे अध्यक्षपद भारताकडे होते. अलिप्ततेचे धोरण सांगणाऱ्या ह्या देशाची कन्या एका पक्षाच्या छावणीत मुकुट घालून गेली तर जगाने काय म्हणावे? सरकारची नापसंती उघड झाली, वृत्तपत्रांतून टीका झाली. रीटाबाई मात्र ताफ्याबरोबर गेल्या. त्यांचे हे करणे योग्य होते की अयोग्य, ह्यावर मतभेद होऊ शकेल. पण तेवीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीवर एकीकडून कराराने आणि दुसरीकडून परराष्ट्रधोरणाने हक्क सांगावा, हे दृश्य विचार करावयास लावणारे आहे.

मुंबईने असे दृश्य त्यापूर्वीही पाहिले होते. १८८४ साली रखमाबाईंच्या पतीने, बालपणी झालेल्या विवाहाच्या आधारे, पत्नीने आपल्या घरी नांदावयास यावे म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ साली निकाल विरुद्ध गेला तेव्हा, नांदावयास जाण्यापेक्षा कारावास पत्करीन, असे त्या मानी स्त्रीने सांगितले. पुढे तडजोड झाली, आणि रखमाबाई लंडनला जाऊन वैद्यक शिकल्या. परत येऊन सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. त्या दाव्याची आणि ह्या मुकुटाची तुलना करणे कित्येकांना रुचणार नाही. एकीवर सक्ती होती, दुसरीने करार स्वखुशीने केला होता. हा भेद मोठा आहे आणि तो मी पुसू इच्छीत नाही. तरीही दोघींच्या आयुष्यातले वळण एकच आहे. स्त्रीच्या देहावर इतरांनी हक्क सांगितला, आणि तिने आपल्या हातांना वैद्यकाचे काम देऊन त्याला उत्तर दिले.

कारण रीटा फारियांनी तसेच केले. कराराचे वर्ष पुरे झाले, तेव्हा चित्रपटाचे आणि जाहिरातींचे दरवाजे त्यांच्यापुढे उघडे होते. त्या त्यांतून आत गेल्या नाहीत. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यांनी वैद्यकीय अभ्यास पुढे चालू ठेवला, १९७१ साली डेव्हिड पॉवेल ह्या डॉक्टरांशी विवाह केला, आणि पुढे आयर्लंडमध्ये डब्लिन येथे संसार थाटला.

ह्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७० साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ही स्पर्धा चालू असता स्त्रीमुक्तीवादी महिलांनी पिठाच्या पुड्या फेकून निषेध केला. त्या रात्री व्यासपीठावर तेच बॉब होप होते. १९९२ साली बँकॉक येथील विश्वसुंदरी-स्पर्धेत मधू सप्रे ही मराठी मुलगी तिसरी आली. देशाची सूत्रे हाती आली तर काय कराल, ह्या प्रश्नाला ह्या खेळाडू मुलीने क्रीडांगणे बांधण्याचे उत्तर दिले, आणि ह्या उत्तरामुळेच मुकुट हुकला असे बरेच जण मानतात. दुसऱ्या वर्षी मेक्सिकोतील स्पर्धेत नम्रता शिरोडकर अखेरच्या सहा जणींत पोहोचली. ही मीनाक्षी शिरोडकरांची नात! आजीच्या पोशाखावरून गहजब करणाऱ्या समाजाने पंचावन्न वर्षांनी नातीचे कौतुक केले. १९९४ साली सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय ह्यांनी दोन्ही मुकुट आणले. नव्या अर्थनीतीने देशाची बाजारपेठ नुकतीच खुली झाली होती, हा योगायोग ध्यानात ठेवावा. १९९६ साली बंगळूरला जगत्सुंदरी-स्पर्धा भरली, तेव्हा शेतकरी, स्त्रीसंघटना आणि संस्कृतिरक्षक अशा परस्परांशी न पटणाऱ्या मंडळींनी निरनिराळ्या कारणांसाठी तिला विरोध केला. पोहण्याच्या पोशाखाची फेरी तर दूर सेशेल्स बेटांवर घ्यावी लागली. २०१५ पासून जगत्सुंदरी-स्पर्धेतून ती फेरी अजिबात वगळली गेली, आणि २०२४ च्या मार्च महिन्यात ही स्पर्धा खुद्द मुंबईत पार पडली.

काळ असा पालटला. पोशाखाचा वाद मिटत आला, पण वर्ष कोणाचे हा प्रश्न मिटलेला नाही. ह्या स्पर्धा वाईट म्हणून बंद कराव्यात, किंवा राष्ट्रगौरव म्हणून डोक्यावर घ्याव्यात, असे मला सुचवावयाचे नाही. दोन्ही बाजूंच्या भाषणांत ती युवती बहुधा अनुपस्थित असते, एवढीच माझी तक्रार आहे. तिला प्रदर्शनातली बाहुली म्हणणारे आणि देशाची पताका म्हणणारे, दोघेही तिच्या वतीने स्वतःच बोलतात. तेव्हा यापुढे एखाद्या मुलीच्या मस्तकी मुकुट चढल्याची वार्ता कानी आली, तर तिचे अभिनंदन जरूर करावे. पण वर्ष उलटल्यावर ती काय करते आहे, ह्याचीही आठवणीने चौकशी करावी. तीन पौंड घेऊन निघालेल्या त्या विद्यार्थिनीची खरी गोष्ट मुकुट उतरल्यानंतरच सुरू झाली होती.