लोकलचा सूर कधी बदलला?

पुढच्या वेळी मुंबईत लोकलची वाट बघत उभे असाल तेव्हा एक करा. ज्या डब्याच्या टपावर पँटोग्राफ असतो, त्याच्या जवळ उभे राहा. तो मोटर कोच, म्हणजे गाडी ओढणारा डबा. गाडी उभी असताना त्यातून एक सलग घुंघुं ऐकू येते. गाडी सुटली की त्यात एक पातळ सूर मिसळतो, चढत जातो, मधेच खाली येतो आणि पुन्हा चढतो. फलाटावर गोंगाट असतो हे मान्य, पण एकदा कानाला सापडला की तो सूर सुटत नाही.

माझ्या पीएचडीचा विषय उपनगरी रेल्वेच्या विद्युतीकरणाचा इतिहास आहे. त्यामुळे दिवस जातात व्होल्टेज, सबस्टेशन आणि खर्चाचे तक्ते वाचण्यात. या कागदांत आवाजाबद्दल जवळजवळ काहीच नसतं. पण माझं म्हणणं असं आहे की लोकलचा आवाज हाही एक कागदच आहे. तारेत कोणती वीज असावी याबद्दल शंभर वर्षांत जे निर्णय झाले, ते त्यात ऐकू येतात.

सुरुवात हार्बरपासून करू. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर म्हणजे व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. जीआयपी रेल्वेने त्यासाठी १५०० व्होल्ट डीसी वीज निवडली. पुढे १९२८ मध्ये बीबी अँड सीआय रेल्वेने, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेनेही तोच मार्ग धरला. त्या काळाच्या मानाने निवड अगदी योग्य होती. डीसी सिरीज मोटरला जागेवरून उठतानाच भरपूर जोर असतो. दर दोन-तीन मिनिटांनी थांबून पुन्हा पळायचं असलेल्या गाडीला आणखी काय हवं?

अडचण एकच होती. थांबलेल्या मोटरला एकदम पूर्ण वीज दिली तर ती जळेल. म्हणून वाटेत रेझिस्टन्स घालायचे, सुरुवातीला मोटरी एकामागे एक जोडायच्या, आणि वेग वाढेल तसे रेझिस्टन्स एकेक करून काढत शेवटी मोटरी समांतर जोडायच्या. हे सगळं यांत्रिक स्विच करायचे, तेही काही हजार व्होल्टांच्या आसपासचा करंट तोडत-जोडत नव्हे, तर शेकडो अँपिअरचा भार अंगावर घेत. जुनी लोकल सुटताना डब्याखालून येणारी खट-खट ही या स्विचांची होती, आणि त्याबरोबर बसणारे हलके हिसकेही त्यांचेच. वर दातेरी चाकांची घरघर, जी वेगाबरोबर वाढत जायची. जुन्या लोकलचा आवाज म्हणजे पायऱ्यांचा आवाज. शिवाय रेझिस्टन्समध्ये गेलेली वीज निव्वळ उष्णता होऊन वाया जायची.

मग डीसी सोडलं का? उत्तर साध्या भागाकारात आहे. समजा एका गाडीला ३० लाख वॉट शक्ती हवी आहे. १५०० व्होल्टच्या तारेतून त्यासाठी २००० अँपिअर खेचावे लागतात. तार २५,००० व्होल्टची असेल तर साधारण १२० अँपिअर पुरतात. करंट जितका जास्त तितकी तार जाड, गळती मोठी आणि सबस्टेशनं जवळजवळ. डबे वाढवायचे आणि गाड्याही वाढवायच्या म्हटल्यावर डीसीची दमछाक होणारच.

भारतीय रेल्वेने १९५७ मध्येच २५,००० व्होल्ट एसी ही देशाची पद्धत ठरवली होती. मद्रासची १५०० व्होल्टची उपनगरी लाइन १९६० च्या दशकात एसीवर गेलीसुद्धा. मुंबई मात्र मागे राहिली. इथल्या गाड्या, सबस्टेशनं, कारशेड, सगळंच डीसीभोवती उभं होतं, आणि ते बदलायला सेवा बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. इतिहासाच्या भाषेत सांगायचं तर आधी केलेल्या गुंतवणुकीनेच पुढचा रस्ता आखून दिला. ज्या शहरात सगळ्यात आधी वीज आली, तिथे बदल सगळ्यात उशिरा आला!

मधल्या काळात दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. शहराचा एक भाग डीसीवर, उरलेला एसीवर. दोन्हींच्या सीमेवर तारेचा एक छोटा तुकडा बिनविजेचा ठेवलेला असे. तिथे दिवे जायचे, पंखे थांबायचे आणि क्षणभर फक्त चाकांचा आवाज उरायचा. पश्चिम रेल्वेवर हे रूपांतर फेब्रुवारी २०१२ मध्ये संपलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर जून २०१५ मध्ये. शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला गेली, हार्बरवरच. जिथे सुरू झालं तिथेच ९१ वर्षांनी संपलं.

नवा सूर मात्र त्याआधीच आला होता. २००७ पासून सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेल्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्या धावू लागल्या. त्यांच्यात ब्रश नसलेल्या थ्री-फेज इंडक्शन मोटरी आहेत. तारेतली एसी आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये कमी व्होल्टची होते, मग तिची डीसी करतात, आणि इन्व्हर्टर त्या डीसीतून पुन्हा एसी घडवतो, पण हव्या त्या फ्रीक्वेन्सीची. फ्रीक्वेन्सी वाढवली की मोटर जोरात फिरते. रेझिस्टन्स नाहीत, पायऱ्या नाहीत, हिसके नाहीत.

आता मघाचा आवाज पुन्हा ऐकू. उभ्या गाडीची घुंघुं बरीचशी ट्रान्सफॉर्मरची. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, पण प्रत्येक आवर्तनात लोखंडी गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून ऐकू येतो १०० हर्ट्झचा सूर. गाडी सुटताना येणारा पातळ सूर इन्व्हर्टरचा. त्यातले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात आणि त्या ठोक्यांनी मोटरचं लोखंड थरथरतं. वेग वाढला की उघडझापीची पद्धत बदलते, म्हणून सूर एकदम खाली येऊन पुन्हा चढतो. गिअर बदलल्यासारखं वाटतं, पण बदलायला गिअर नसतोच.

स्टेशन जवळ आलं की तेच सूर उलट क्रमाने उतरतात. तेव्हा मोटर जनरेटर झालेली असते आणि गाडीच्या वेगातली ऊर्जा वीज होऊन तारेत परत जात असते. अगदी शेवटच्या टप्प्यात हवेचे ब्रेक काम घेतात. जुन्या लोकलमध्ये ही सगळी ऊर्जा ब्रेक घासण्यात संपायची.

या सुराची किंमत फक्त रेल्वेने मोजली नाही. २५,००० व्होल्टच्या तारेला डोक्यावर जास्त मोकळी जागा लागते. जानेवारी २०१६ मध्ये सँडहर्स्ट रोडजवळचा ब्रिटिशकालीन हँकॉक पूल त्यासाठी पाडला गेला. आजूबाजूच्या लोकांचा, शाळेत जाणाऱ्या मुलांचा रोजचा रस्ता गेला. लोक रूळ ओलांडू लागले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि नवा पूल वाहनांना खुला व्हायला २०२२ उजाडलं. अहवालात ही गोष्ट ‘उंचीची अडचण’ या दोन शब्दांत मावते. हे दोन शब्द वाचताना मी आता थांबतो.

जुन्या गाडीचा डबा संग्रहालयात ठेवता येतो. तिचा आवाज मात्र गाडी धावल्याशिवाय निघत नाही, आणि डीसीची तार आता नाही. तेव्हा तुमच्या जुन्या मोबाइलमध्ये २०१६ आधीच्या लोकलचा एखादा हलता-डुलता व्हिडिओ असेल, मित्रांचा दंगा असलेला का असेना, तर पुसून टाकण्याआधी एकदा ऐका. त्यावर तारीख आणि मार्ग लिहून ठेवा. दंग्याच्या मागे ती खट-खट असेल, तर तुमच्याकडे १९२५ च्या एका निर्णयाचा पुरावा आहे.