टोपड्याची कुळकथा



इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. मीही शाळेत सारे आयुष्य तेच शिकविले. आज मात्र आपल्यापुढे एका लहानशा वस्तूची कुळकथा मांडावी असा माझा मानस आहे. ती वस्तू म्हणजे तान्ह्या मुलाचे लोकरीचे टोपडे.

आमची तोंडवली मालवणच्या उत्तरेस आहे. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी, आणि मध्ये तळाशीलपर्यंत गेलेली वाळूची निरुंद पट्टी. येथे पौषातही अंगावर एक चादर पुरते. अशा उष्ण मुलुखात लोकरीचे टोपडे आले कसे, आणि आल्यावर टिकले कसे, हा प्रश्न मला हल्ली पडू लागला आहे.

आपल्या भाषेत 'विणणे' हे क्रियापद मोठे उदार आहे. कोष्टी लुगडे विणतो, बुरूड टोपली विणतो, धनगराच्या लोकरीचे घोंगडे मागावर विणले जाते, बाजही विणतात आणि जाळेही विणतात. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. ती एकट्यादुकट्याची नसते. अनेक घरांची मिळून असते, आणि मासळीतही ज्याचा त्याचा वाटा असतो. नायलॉन येण्यापूर्वी जाळी सुताची आणि सणाची असत. ती घरोघरी हाताने विणून, झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करीत. पावसाळ्यात समुद्र बंद झाला, की ओटीवर जाळ्यांचेच काम चाले. जाळ्याची प्रत्येक आस गाठीने बांधलेली असते. एक आस तुटली तरी शेजारची सुटत नाही.

दोन सुयांच्या विणकामाची तऱ्हा याहून निराळी. त्यात गाठ नाही. एका फासातून दुसरा फास ओढावयाचा, एवढेच. एक टोक खेचले की सारे उसवते. या विद्येचे सर्वांत जुने उपलब्ध नमुने मिसर देशात सापडले आहेत, आणि आश्चर्य असे की, ते लोकरीचे नसून सुताचे आहेत. पांढऱ्या आणि निळ्या सुताचे ते मोजे सातशे ते हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. पुढे ही विद्या युरोपात पोहोचली. स्पेनमधील राजघराण्याच्या थडग्यांत तेराव्या शतकातील विणलेल्या उशा मिळाल्या आहेत. थंड समुद्रावरील कोळ्यांच्या बायकांनी आपल्या माणसांसाठी जाड लोकरीचे अंगरखे विणले. आपण ज्यास 'जर्सी' म्हणतो, तो शब्द इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील जर्सी नावाच्या बेटावरून आला आहे. विल्यम ली या इंग्रज पाद्र्याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र केले, तेव्हा हाताने विणणाऱ्या गरिबांचे पोट जाईल म्हणून एलिझाबेथ राणीने त्यास सनद नाकारली, असे सांगतात.

महाराष्ट्रात ही कला मुख्यतः मिशनरी बायकांच्या शाळांतून आली. १८२४ मध्ये अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. अशा शाळांत अक्षरांच्या जोडीला सुईदोराही असे. १८८४ मध्ये पुण्यास हुजूरपागेची शाळा निघाली, आणि मुलींना इंग्रजी विद्या द्यावी की शिवणटिपण, यावर वृत्तपत्रांतून कडाक्याचा वाद माजला. सुई ही मुलीला घरात कोंडणारी आहे, असे काहींस वाटे. परंतु दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदासदन स्थापिले, आणि १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. तेथे निराधार स्त्रियांच्या हाती हीच सुई उपजीविकेचे साधन म्हणून आली.

मग युद्धे झाली. १९१४ मध्ये फ्रान्सच्या थंडीत हिंदी शिपाई लढत होते. ते महायुद्ध आणि १९३९ चे महायुद्ध, दोन्ही वेळी स्त्रियांनी सैनिकांसाठी मोजे व गळपट्टे विणले. १९६२ मध्ये चीनशी युद्ध जुंपले, तेव्हा देशातील शहरोशहरी स्त्रिया जवानांसाठी स्वेटर विणीत होत्या. ज्याचे तोंडही पाहिले नाही अशा माणसाच्या अंगाचे माप मनाने धरून त्या टाके घालीत.

आता पुन्हा आमच्या घराकडे येतो. मी शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी कोल्हापुरास निघालो, तेव्हा तेथे थंडी फार, म्हणून आईने मला एक तपकिरी स्वेटर विणून दिला. लोकर मुंबईहून आगबोटीने आलेली होती. पुढे माझ्या थोरल्या मुलीचे बारसे ठरले. बाळंतविड्यात झबली, कुंची, दुपटे अशी सारी तयारी झाली. लोकरीचे मात्र काही नव्हते. आईने माझा तो स्वेटर काढला, त्याचे एक टोक शोधले आणि भराभर उसवू लागली. लोकरीच्या लडी करून तिने त्या उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरल्या. तिढे सरळ झाले. आठ दिवसांत, एक सुलट एक उलट अशा टाक्यांनी, टोपडे आणि मोजे तयार झाले. शेजारच्या रापणकराच्या घरातील एक वृद्ध बाई ते पाहावयास आली. तिने टोपडे बोटांनी ताणून पाहिले आणि हे तर जाळेच, फक्त गाठी तेवढ्या विसरलीस, असे हसत म्हणाली.

मुलीच्या डोक्यावर ते टोपडे फार तर बारशाच्या दिवशी आणि दोन-चार पहाटे राहिले असेल. लोकरीची गरज नसलेल्या मुलुखात ते का टिकले, याचे उत्तर मला येथेच मिळते. ते थंडीसाठी विणलेलेच नव्हते. मूल जन्मण्यापूर्वी कोणीतरी त्याची वाट पाहत बसले होते, याची ती खूण होती.

आई जाऊन बरीच वर्षे झाली. ही विद्या तिला कोणी शिकविली, हे मी तिला कधीच विचारले नाही. पानिपताची तारीख मला झोपेतही सांगता येई. पण माझ्याच घरातील इतिहास समोर बसून टाके मोजीत असता मी त्याच्याकडे पाहिले नाही. आज जाळी कारखान्यातून येतात आणि टोपडी दुकानातून. त्यात दुःख मानण्याचे कारण नाही. यंत्राने पुष्कळ कष्ट वाचविले आहेत. परंतु आपल्या घरात अजून कोणाच्या हाती सुया असतील, तर आज रात्री त्यांच्याजवळ बसा आणि हे त्या कोणाकडून शिकल्या, एवढे विचारून घ्या. आणि जमल्यास चार टाके आपणही घालून पाहा.