विवाहवस्त्रांचे रंग आणि लग्नाच्या याद्यांतील रंगवाचक शब्द

जुन्या दप्तरांत लग्नाच्या याद्या विपुल सांपडतात. परंतु त्यांतील धान्य, दक्षिणा व मानपान यांचे आंकडे उतरून घ्यावे आणि वस्त्रांच्या कलमांस फांटा द्यावा, अशी चाल आपल्या संग्राहकांत पडली आहे. हा दोष आमच्याहि हातून घडला आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांच्या घरचा रुमाल चाळीत असतां एका यादींत ‘कुसुंबी’ हा शब्द आला, आणि आम्ही नकलेच्या समासांत ‘म्हणजे केशरी’ अशी टीप बेधडक लिहून ठेविली. मूळ कागद पुढें वाळवीनें खाल्ला. नक्कल व तिजवरील आमची चुकीची टीप एवढींच काय तीं उरलीं. तिचें परिमार्जन करावें म्हणून हा लेख.

कुसुंबा म्हणजे करडईचें फूल. त्यांत दोन रंग असतात. पिवळा रंग पाण्यांत सुटतो. रंगारी पाकळ्या पुनःपुन्हां धुवून तो टाकून देत. मग त्याच पाकळ्या खारांत मळून जो अर्क निघे, त्यांत लिंबासारखें आम्ल घातलें म्हणजे तांबडा रंग वस्त्रास धरतो. वस्त्र एकदां बुडविलें तर फिकट गुलाबी, अनेकदां बुडविलें तर गर्द लाल. तेव्हां कुसुंबी म्हणजे केशरी नव्हे. हा रंग अत्यंत तेजस्वी, पण उन्हानें व खारानें उडून जाणारा. याविषयीं साक्ष पाहिजे असल्यास ती रंगाऱ्याकडे न मागतां अलंकारशास्त्राकडे मागावी. विश्वनाथानें साहित्यदर्पणांत अनुरागाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि तिहींचीं नांवें रंगांवरून आहेत: बाहेर फारसा न झळकणारा परंतु मनांतून कधीं न जाणारा तो नीलीराग, झळकतो पण जातो तो कुसुंभराग, आणि झळकतोहि व जातहि नाहीं तो मांजिष्ठराग. रामसीतेच्या प्रेमास त्यानें नीलीराग म्हटलें आहे. असें असून लग्नाच्या वस्त्रांस आपल्या लोकांनीं कुसुंब्याचा विटणारा रंग पसंत करावा, ही गंमत खरीच. पण तें वस्त्र सणासमारंभाचें, रोजच्या धुण्याचें नव्हे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे विरोध उरत नाहीं.

प्राचीन वधू कोणत्या रंगाची? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांतील सूर्यासूक्तांत नीललोहित वर्णाचा संबंध कृत्येशीं जोडला आहे, आणि वधूचें वस्त्र सूर्यासूक्त जाणणाऱ्या ब्राह्मणास द्यावें असें सांगितलें आहे. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गांतील पार्वती मंगलस्नानानंतर जें वस्त्र नेसते तें पांढरें, कारण कवि तिला काशपुष्पांनीं फुललेल्या पृथ्वीची उपमा देतो. रंग आहे तो अंगावर: कपाळीं हरिताळ व मनशीळ, पायांस अळित्याची लाली. म्हणून आमच्या पिवळ्या अष्टपुत्रीस थेट कालिदासाचा आधार दाखवूं पाहणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं.

याहून उपयोगाचा बाण आहे. हर्षचरिताच्या चौथ्या उच्छ्वासांत राज्यश्रीच्या विवाहाची तयारी वर्णिली आहे. नक्षी बांधण्यांत निपुण अशा पोक्त नगरस्त्रिया वस्त्रांस गांठी मारीत आहेत. आचार जाणणाऱ्या अंतःपुरांतील वृद्धा रंगविणाऱ्या रजकांचा मान करीत आहेत. आणि रंगलेलीं वस्त्रें दोन्ही टोंकें धरून सेवक सावलींत हालवून वाळवीत आहेत. ‘सावलींत’ हें एकच पद आम्हांस शंभर श्लोकांहून मोलाचें वाटतें. ज्यानें रंगाऱ्याचें काम जवळून पाहिलें त्यासच तें सुचेल.

हळदीचा प्रकार निराळा. वधूची अष्टपुत्री हळदींत पिवळी केलेली, आणि कपाळींचें कुंकूहि हळदीचेंच, चुना वा टांकणखार व लिंबू यांच्या योगानें तांबडें झालेलें. दोन मंगल वर्ण एकाच कंदापासून निघतात. हिरव्याचें मात्र कोडें आहे. पूर्वींचे रंगारी हिरवें वस्त्र नीळ व पिवळा रंग यांच्या मिश्रणानेंच करीत. आणि नीळ तर स्मृतिकारांनीं निंद्य ठरविलेली. तथापि कांबळें व पट्टवस्त्र यांस निळीचा दोष नाहीं असा अपवाद निबंधग्रंथांत आढळतो, आणि त्यामुळें हिरव्या रेशमी शालूची अडचण दूर होते. सुती हिरवीं लुगडींहि नेसत असत, तेव्हां वचन व आचार यांचा मेळ सर्वत्र बसतो असा आमचा आग्रह नाहीं.

गुलेनार, सोसनी, किरमिजी हे शब्द फारसी वळणाचे. पहिला डाळिंबाच्या फुलाचा, दुसरा सोसन नामक फुलाचा, तिसरा किड्यापासून काढलेल्या रंगाचा. नक्कल करणारानें त्यांस ‘लाल’, ‘जांभळा’ असे सोपे पर्याय देऊं नयेत. कागदाचा काळहि पहावा. इ. स. १८५६ त पर्किननें पहिला कृत्रिम रंग काढला, १८६८ च्या सुमारास ग्रेब व लीबरमान यांनीं मंजिष्ठेंतील रंगद्रव्य प्रयोगशाळेंत बनविलें, आणि १८९७ त कृत्रिम नीळ बाजारांत आली. यानंतरच्या यादींत ‘कुसुंबी’ हा केवळ छटेचा वाचक असूं शकतो. त्यापूर्वींच्या यादींत तो फुलाचा, खाराचा व रंगाऱ्याच्या श्रमाचा वाचक आहे.

लग्नाचीं वस्त्रें खरेदी करण्यास आपण बस्ता बांधणें म्हणतों, आणि दप्तराच्या गांठोड्यासहि बस्ताच. त्या वाळवी लागलेल्या रुमालाच्या तळाशीं पिवळ्या सुती कापडाची बोटभर चिंधी घडींत राहिली होती. तिचा एक सुटा धागा काढून आम्ही चुन्याच्या निवळींत बुडविला, तों तो तांबूस झाला. चिंधी आम्ही नकलेबरोबर ठेविली आहे, आणि समासांतील टीप खोडून तिजखालीं ‘करडईचें फूल’ असें लिहिलें आहे.