टिट्युबाचा जबाब आणि कादंबरीकाराची जबाबदारी

ऐतिहासिक कादंबरीविषयीची आपली चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी घुटमळते: लेखकाने इतिहासाशी इमान राखले की नाही? इतिहास कागदपत्रांत सिद्ध स्वरूपात असतो आणि लेखकाने तो बिघडवू नये एवढेच, असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक किती अपुरे आहे, ते आरंभीच्या अमेरिकेवरील, म्हणजे तेथील इंग्रज वसाहतींवरील ललित लेखन पाहिले की कळते. मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे १६९२ साली झालेले चेटकाचे खटले आणि त्यांत सापडलेली टिट्युबा ही गुलाम स्त्री, हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण.

घटनाक्रम थोडक्यात असा. १६९२ च्या आरंभी धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस यांच्या घरातील दोन लहान मुलींना विचित्र झटके येऊ लागले. फेब्रुवारीअखेर सारा गुड, सारा ऑस्बर्न आणि पॅरिस यांची गुलाम टिट्युबा यांच्यावर अटकेचे हुकूम निघाले. १ मार्च रोजी जॉन हॅथॉर्न आणि जोनाथन कॉर्विन या दंडाधिकाऱ्यांपुढे चौकशी सुरू झाली. पहिल्या दोघींनी स्वतःवरील आरोप नाकारला. टिट्युबाने तो कबूल केला; काळा कुत्रा, पिवळा पक्षी, काठीवर बसून केलेला प्रवास, सैतानाचे पुस्तक असे सारे तिने सांगितले. पुढच्या काही महिन्यांत १९ जणांना फाशी झाली, जाइल्स कोरी या वृद्धाला दगडांच्या भाराखाली चिरडून मारण्यात आले आणि किमान पाच जण तुरुंगात मेले. कबुली देणारी टिट्युबा मात्र जिवंत राहिली.

या खटल्यांची कागदपत्रे विपुल आहेत. बर्नार्ड रोझेन्थाल यांच्या संपादनाखाली २००९ मध्ये त्यांची साक्षेपी आवृत्तीही निघाली. परंतु ही विपुलता फसवी आहे. साधी तारीख घ्या. इंग्रजी वसाहतींत तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलत असे; त्यामुळे आपण ज्याला १६९२ चा फेब्रुवारी म्हणतो तो कागदावर १६९१ चा असू शकतो. संबोधनांचेही तसेच. सामान्य गृहिणीला 'गुडी' म्हणत आणि 'मिसेस' हा मान वरच्या थरातील स्त्रियांना मिळे. ज्याला हे ठाऊक नाही, त्याचा संवाद पहिल्याच ओळीत खोटा पडतो.

अर्थात असे तपशील अभ्यासाने साधता येतात. खरी अडचण जबाबाच्या स्वरूपात आहे. टिट्युबाच्या एकाच चौकशीची वेगवेगळी टिपणे उपलब्ध आहेत. एक एझिकिएल चीव्हर यांचे आणि दुसरे, अधिक विस्तृत, खुद्द कॉर्विन यांचे. म्हणजे चौकशी करणाऱ्यांपैकीच एक जण तिचे शब्द टिपून घेत होता. प्रश्नही गुन्हा घडला आहे असे धरूनच विचारलेले. पुढे १७०० मध्ये रॉबर्ट केलेफ यांनी नोंदवले की, मालकाने मारहाण करून आपल्याकडून कबुली घेतली, असे टिट्युबा सांगत असे. मग 'कागदाशी इमान' म्हणजे नेमके कोणाशी इमान?

ललित लेखकांनी या कागदांचे काय केले? न्यायाधीश हॅथॉर्न हे कादंबरीकार नाथानिएल हॉथॉर्न यांचे पणजोबांचे वडील. सेलमच्या जकातघरात नोकरी केलेल्या या लेखकाने 'द स्कार्लेट लेटर' (१८५०) च्या प्रास्ताविकात, तिथल्या माळ्यावर आपल्याला जुने हस्तलिखित सापडले, असे सांगितले. हस्तलिखित काल्पनिकच होते. कादंबरीला प्रतिष्ठा देण्यासाठी कागदाचा आधार लागतो, हे त्यांनी नेमके ओळखले होते. त्याच प्रास्ताविकात त्यांनी आपल्या पूर्वजांच्या कृत्यांची लाजही स्वतःवर घेतली आहे.

आर्थर मिलर यांनी 'द क्रूसिबल' (१९५३) मध्ये अकरा-बारा वर्षांच्या अ‍ॅबिगेलला सतरा वर्षांची केले आणि साठीच्या जॉन प्रॉक्टरला पस्तिशीत आणले. अ‍ॅबिगेलचे वय वाढवल्याचे त्यांनी नाटकाच्या आरंभीच्या टिपेत मोकळेपणाने सांगितले आहे. दुसरा एक बदल मात्र त्या टिपेत नाही. मूळ कागदांत टिट्युबाला सातत्याने 'इंडियन' म्हटले आहे. मिलर यांच्या नाटकात ती आफ्रिकी वंशाची आहे. हा बदल त्यांच्यापासून सुरू झालेला नाही. लाँगफेलो यांनी १८६८ च्या पद्यनाट्यात तिला आफ्रिकी पिता दिला होता आणि नंतर परंपरेने तिला पुरतीच आफ्रिकी करून टाकले. अ‍ॅबिगेलच्या वयाचे स्पष्टीकरण द्यावेसे वाटले. गुलाम स्त्रीचा वंश बदलला, याची दखलही कोणाला घ्यावीशी वाटली नाही. माझ्या मते ऐतिहासिक साहित्यातील अप्रामाणिकपणा असतो तो इथे, लेखकाने स्वातंत्र्य घेण्यात नव्हे.

मारीझ काँदे या ग्वादलूपच्या लेखिकेची टिट्युबावरील फ्रेंच कादंबरी १९८६ मध्ये आली. तिचीही टिट्युबा कृष्णवर्णीयच आहे. काँदे यांनी तिला बार्बाडोसमधील बालपण दिले, आई दिली, प्रेम दिले. तुरुंगात तिची गाठ चक्क हॉथॉर्न यांच्या हेस्टरशी घालून दिली आणि हेस्टरच्या तोंडी स्त्रीवादाची आजची भाषा घातली. कालविपर्यासाचा याहून उघड नमुना सापडणे कठीण! पण याच कादंबरीत त्यांनी मूळ जबाबाचा काही भाग जसाच्या तसा, तो दस्तऐवज असल्याचे सांगून, उद्धृत केला आहे. कागद कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते, ती शिवण त्यांनी वाचकाला दिसू दिली.

वर्गात ऐतिहासिक कादंबरी शिकवताना आपण चुकांची यादी करतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत असे वाटते. हा कागद कोणी लिहिला? लेखकाने भरलेली पोकळी कोणाची होती? आणि भरल्याची खूण त्याने ठेवली का? पॅरिस यांनी तुरुंगाचे शुल्क भरले नाही. १६९३ मध्ये ते भरणाऱ्या कोणा दुसऱ्याच्या हाती टिट्युबा विकली गेली आणि तिथे तिच्याविषयीच्या नोंदी थांबतात. तिच्यावर खटला चालवणाऱ्यांची वंशावळ आपल्याला पाठ आहे, तिच्या मृत्यूचे वर्षही कुठल्या कागदावर नाही. ऐतिहासिक कादंबरीचे काम या विषमतेपासून सुरू होते.