बेशरम, बोडी आणि जेसीबी

२०१९ च्या मे महिन्यात ‘जेसीबी की खुदाई’ ट्रेंड झालं होतं. माती उकरणारं पिवळं यंत्र आणि ते बघायला काठावर जमलेली माणसं, असले मीम्स तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. आमच्या पूर्व विदर्भात यात फारसा विनोद नव्हता. धानाचा हंगाम संपला, तलाव आटले की जेसीबी येतो आणि बघायला गर्दी जमते, हे इथे दर उन्हाळ्याचंच आहे.

जेसीबी हे माणसाचं नाव आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाने १९४५ साली कंपनी काढली, तिला स्वतःची आद्याक्षरं दिली. १९७९ मध्ये हरियाणातल्या बल्लभगढला तिचा कारखाना आला आणि पुढे यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, आपण त्याला जेसीबीच म्हणायला लागलो. साखळीच्या चाकांवर चालणारं मोठं यंत्र म्हणजे पोकलेन. तेही मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव.

दोन उन्हाळ्यांपूर्वी माझ्या मामाच्या गावच्या बोडीत असाच एक जेसीबी उतरला. बोडी म्हणजे लहान तळं. आजूबाजूच्या दहा-बारा बांध्यांना पाणी देईल, गुरं पितील, थोडी मासळी निघेल, एवढंच. तिचा निम्मा काठ बेशरमाने भरला होता. यंत्राने चार दिवसांत सगळं उपटून पाळीवर ढीग लावले. फोटो निघाले, बिल निघालं. पुढच्या दिवाळीत गेलो तर काठ पुन्हा हिरवागार, त्यावर जांभळट गुलाबी फुलं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे एखादा बग बंद केल्यावर सहा महिन्यांत पुन्हा उघडला, तर कोणीतरी विचारतंच: आपण लक्षण दुरुस्त केलं की कारण? बोडीबद्दल तोच प्रश्न घेऊन मी जुनं वाचायला लागलो. कारण शोधत बरंच मागे जावं लागलं.

तलाव कोणी बांधले

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा वैनगंगेच्या खोऱ्यातला मुलूख तलावांचा. सरकारी कागदात यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात, आणि लांबलचक नावाचं संक्षिप्त रूप करून ‘मामा तलाव’. अशा तलावांची संख्या सहा हजारांवर आहे.

यातले बरेच तलाव इंग्रज यायच्या आधीचे आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या लोकांनी तलाव बांधले, ऊस आणि धान पिकवलं. जो तलाव बांधेल त्याला जमीन मिळे, असं परंपरा सांगते. नवेगावबांधचा प्रचंड जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असं मानतात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात कोहळ्यांची ओळखच तलाव बांधणारे अशी करून दिली आहे.

डिझाइन म्हणून पाहिलं तर हे तलाव फार विचारी आहेत. दोन टेकड्यांच्या मधली उताराची जागा निवडायची, मातीची पाळ घालायची, जादा पाणी जायला सांडवा ठेवायचा. पाणी सोडायला तुडूम, म्हणजे पायरीपायरीची मोरी. पाण्याची पातळी उतरेल तसं खालचं तोंड उघडायचं. एका तलावाचं जादा पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या बोडीत. वरच्या काठाचा उतार सावकाश असतो. तिथे गुडघाभर पाण्यात कमळ, देवधान आणि पाण्याखालच्या वनस्पती वाढतात, मासे अंडी घालतात, पक्षी चरतात.

हा उथळ काठ लक्षात ठेवा. बेशरम नेमका तिथेच येतो.

१९५१ नंतर

इंग्रजांनी १८६० च्या दशकात इथे जमाबंदी करताना मालगुजारांना गावाचा मालक ठरवलं. सारा गोळा करायचा आणि तलाव राखायचा ही त्यांची जबाबदारी. गावकऱ्यांचे पाण्याचे, गुरांचे, लाकूडफाट्याचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या नोंदीत लिहिलेले असत. गाळ काढायला, पाळ दुरुस्त करायला सगळं गाव लागे.

या काळाचं गोड चित्र काढायचं कारण नाही. मालगुजाराच्या शब्दाबाहेर जाता येत नसे, बेगार होती, आणि तलावात रोज उतरणारे ढिवर त्या व्यवस्थेत खालच्या पायरीवरच होते. मालगुजारी गेली हे बरंच झालं. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता, नागपूर राजधानी होती. १९५० चा मालकी हक्क निर्मूलन कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे तलाव सरकारचे झाले.

मग १९५६ मध्ये प्रदेश मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे गेले. दहा-बारा वर्षांत तलावाचा मालक तीन-चार वेळा बदलला. आमच्या भाषेत, जुना कोड एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे जात राहिला आणि तो लिहिणारा माणूस कधीच निघून गेला. पाणी एका खात्याचं, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेला, काठावरच्या जमिनीची नोंद तिसरीकडे. पाळीवर उगवलेलं रोप रोज जाता-येता उपटून टाकणं हे मात्र कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

बेशरम आला

बेशरमाचं शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया. मूळ उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. रताळ्याच्या कुळातलं, फुलंही तशीच. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला चांगलं, या एका गुणावर ते आपल्याकडे पसरलं. शेळ्यामेंढ्यांनी सतत खाल्लं तर त्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. विदर्भात शिकलेल्या अनेकांना त्याचा आणखी एक उपयोग माहीत असेल: मास्तर वर्गातल्याच एखाद्या पोराला बेशरमाची काडी तोडून आणायला पाठवत.

नाव अगदी योग्य आहे. कुठेही फेकलं तरी उगवतं. खोडाच्या प्रत्येक पेरातून मूळ फुटू शकतं. ओल्या चिखलाला तुकडा टेकला की नवं झाड. चिखलात उभं राहतं, पाण्यात तग धरतं, उन्हाळ्यात कोरड्यातही जगतं. त्याच्या जाळीत गाळ अडकतो, काठ उंच होतो, मग ते आणखी आत सरकतं. देवधान, कमळ, पाण्याखालची झाडं मागे हटतात. मासे अंडी घालायची जागा जाते. जाळं ओढायला गेलं की फाटतं.

याचा फटका सगळ्यांत आधी ढिवरांना बसतो. शेतकऱ्याला बोडीचं पाणी थोडं कमी मिळतं. ढिवराचं तर शेतच बोडी आहे. संस्था रोहू, कटला, मृगळाचं बीज आणून सोडते, ते वाढतं आणि विकलं जातं. पण घरच्या कालवणाची, रोजच्या बाजाराची मरळ, शिंगी अशी गावरान मासळी त्या उथळ काठावर वाढते.

बकेट काय करते

आता जेसीबीकडे परत या. यंत्राच्या दातांनी बेशरम उपटला जात नाही, बराचसा तुटतो. शंभर झाडांचे हजारो तुकडे होतात. ते पाळीवर पडून राहतात आणि पहिल्या मोठ्या पावसात वाहून पुन्हा बोडीत येतात. म्हणजे आपण तासाच्या भाड्याने लागवड करून घेतो.

दुसरं नुकसान लवकर दिसत नाही. बकेट मऊ, सावकाश उताराचा काठ खरवडून सरळ खड्डा करते. पाणी साठतं, पण गुडघाभर पाण्याची पट्टी संपते. जास्त खोल गेलं तर तळाचा चिकणमातीचा थर फुटून पाणी झिरपायला लागतं. तरीही हेच काम पुन्हा पुन्हा होतं, कारण ते मोजता येतं: किती तास, किती घनमीटर. ‘पुढच्या वर्षी बेशरम आला नाही’ हे कुठल्याच बिलात लिहिता येत नाही.

यंत्र नकोच, असं मी म्हणत नाही. वीस वर्षांचं माजलेलं रान नुसत्या हातांनी काढणं सोपं नाही. प्रश्न आहे तो यंत्राच्या आधी आणि नंतर काय करायचं हा.

त्याचं उत्तर गोंदिया जिल्ह्यातच, अर्जुनी मोरगाव तालुक्यात सापडतं. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांच्यासोबत तिथल्या ढिवरांनी, पुढे बायकांच्या गटांनी, तलावांवर काम केलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळासकट काढायचा. मोकळ्या झालेल्या तळावर ट्रॅक्टरने नांगरट करायची. पाऊस लागला की दुसऱ्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती तिथे लावायच्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते, हे ढिवरांना पिढ्यांपासून माहीत होतं. अभ्यासकांनी ते लिहून काढलं. इथेही ट्रॅक्टर आहेच, पण तो मधल्या पायरीवर आहे. पहिली आणि शेवटची पायरी माणसांची.

मामाच्या गावात एका म्हाताऱ्या ढिवर आजोबांना मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “त्याले तोडलं का दुप्पट येते, बाबू. मुळासकट काढा लागते. अन् मंग दरसाल पाहा लागते.”

दरसाल पाहायचं कोणी, हा १९५१ पासून पडून राहिलेला प्रश्न आहे. मालगुजार पाहायचा, कारण तलाव त्याचा होता. आता तो ज्यांच्या पोटाचा आहे, त्यांच्याकडे पाच-दहा वर्षांचा ठेका असतो आणि काठाबद्दल निर्णय घ्यायचा अधिकार नसतो. तुमच्या गावात पुढच्या उन्हाळ्यात तळं साफ करायचा ठराव आला, तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारून बघा. काढलेला बेशरम कुठे नेऊन वाळवणार? मोकळ्या काठावर काय लावणार? आणि पहिल्या पावसानंतर उगवलेली रोपं उपटायची मजुरी कोणाला, किती देणार? तिसऱ्या प्रश्नाची रक्कम जेसीबीच्या बिलापुढे किरकोळ असेल. तीच अंदाजपत्रकात आधी लिहायला लावा.