मिशीखालचा रोग

आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. एस.टी. बदलायची असेल तर इथे अर्धा-पाऊण तास सहज जातो. असाच एका नोव्हेंबरात वेळ काढायला मी स्थानकाजवळच्या एका सलूनमध्ये शिरलो. शेजारच्या खुर्चीत विशी-बाविशीचा एक मुलगा बसला होता. "दाढी पूर्ण काढा, मिशीला मात्र तीस तारखेपर्यंत हात लावायचा नाही," असे त्याने बजावले.

"का रे, नवस बोललास का? श्रावण तर कधीच संपला," कारागीर म्हणाला.

मुलगा पुण्यात एका कंपनीत कामाला होता. तिथल्या सगळ्या मुलांनी महिनाभर मिशा वाढवायचे ठरवले होते, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी. "मिशीने कॅन्सर बरा होतो काय?" कारागिराने विचारले. "बरा नाही होत काका. पण मिशी का वाढवली असं लोक विचारतात, मग त्यावर बोलणं निघतं." "असं होय," असे म्हणून कारागिराने डाव्या तळहातावरची मळलेली तंबाखू चिमटीत धरली, खालच्या ओठाआड सारली आणि वस्तरा उचलला.

मी सगळे आरशात पाहत होतो. गाडीची वेळ झाली म्हणून उठलो आणि काही न बोलता निघून आलो. तेव्हा जे बोलायला हवे होते, ते आता सविस्तर लिहितो आहे.

मिशी ही निरोप देणारी गोष्ट आहे, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. श्रावणात दाढीला वस्तरा न लावणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. वडील वारले की मिशी उतरवायची, ही रीत अनेक घरांत आजही पाळली जाते. ओठावर मिशी नसलेला माणूस दिसला की गावात कुणी काही न सांगताही कळत असे. मेलबर्नच्या तरुणांनी हेच उलट्या बाजूने केले. ऑस्ट्रेलियाच्या बोलीत मिशीला 'मो' म्हणतात. २००३ साली ट्रॅव्हिस गॅरोन आणि ल्यूक स्लॅटरी हे दोन मित्र गप्पा मारत बसले होते. मिशीची फॅशन पार गेली, ती परत आणता येईल का, अशी थट्टा चालली होती. त्यांच्या एका मित्राची आई त्या सुमारास स्तनांच्या कर्करोगासाठी निधी जमवत होती. त्यावरून पुरुषांच्या आजारांसाठी असे काही करावे, ही कल्पना पुढे आली. पहिल्या वर्षी तीस जणांनी नोव्हेंबरभर मिशी वाढवली. पुढल्या वर्षी मंडळी वाढली आणि ५४ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमा होऊन प्रोस्टेटच्या कर्करोगावर काम करणाऱ्या तिथल्या संस्थेला मिळाले. 'मो' आणि 'नोव्हेंबर' जोडून झालेला 'मूव्हेंबर' हा शब्द पुढे वीसहून अधिक देशांत पोचला. पुढे वृषणाचा कर्करोग आणि पुरुषांचे मानसिक आरोग्य हे विषयही त्यात आले.

मिशी आणि प्रोस्टेट यांचे नाते त्या मित्रांनी ठरवून जुळवले नसावे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते नेमके आहे. प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथी. ती मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेभोवती असते. आकाराने साधारण अक्रोडाएवढी. जॉन हंटर या शल्यविशारदाने १७८६ मध्ये लिहून ठेवले होते, की खच्ची केलेल्या प्राण्यांत ही ग्रंथी लहान राहते. बैल आणि वळू यांच्या मानेतला, वशिंडातला आणि स्वभावातला फरक जुन्नर-आंबेगावच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असतो. हंटरने तो शरीराच्या आतही पाहिला. यामागे वृषणांत तयार होणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक आहे. १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी हॉजेस या सहकाऱ्याबरोबर एक धाडसी गोष्ट दाखवून दिली. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत पसरलेल्या रुग्णांची वृषणे काढली, किंवा त्यांना स्त्री-संप्रेरक दिले, तर रोग मागे हटतो आणि रक्तातल्या एका विकराच्या पातळीवरून ते मोजताही येते. कर्करोगाची पेशी बेबंद असते, तिच्यावर कुणाचा ताबा नसतो, असा तोवर समज होता. ती अजूनही संप्रेरकाच्या हुकमात असू शकते, हे या प्रयोगाने कळले. हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात त्याचे एक जास्त जोरकस रूप बनते, डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन. ते बनवणारे विकर ज्यांच्यात जन्मतः कमी आहे अशी काही कुटुंबे डॉमिनिकन रिपब्लिक या देशात आढळली. १९७४ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या पुरुषांचे स्नायू भरदार होते, आवाज फुटलेला होता, पण दाढी विरळ आणि प्रोस्टेट अगदी लहान. म्हणजे ओठावरचा केस आणि पोटातली ती ग्रंथी एकाच संप्रेरकाचा हुकूम ऐकतात. या माहितीच्या आधारे तयार झालेले फिनॅस्टेराइड हे औषध वाढलेल्या प्रोस्टेटसाठी १९९२ पासून वापरात आले. (दाट मिशी म्हणजे कर्करोगाचा धोका जास्त, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. हुकूम एकच असला तरी तो ऐकणाऱ्या पेशी वेगळ्या.)

जाता जाता एक गंमत. १९७० मध्ये 'नेचर' या प्रतिष्ठित नियतकालिकात एक निनावी टिपण छापून आले. त्याचा लेखक कामासाठी एका दूरच्या बेटावर एकटाच राहत असे. रोज दाढी केल्यावर यंत्रात जमलेली केसांची भुकटी तो तोलून पाही. घरी परतायची वेळ जवळ आली की भुकटीचे वजन वाढते, असे त्याच्या लक्षात आले. एकच माणूस आणि एक तराजू, एवढ्यावर संप्रेरकांविषयी प्रश्न उभा करता येतो, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

आता आळेफाट्याला परत येऊ. ऑस्ट्रेलियातल्या पुरुषांत, त्वचेचे साधे कर्करोग सोडले तर, सर्वांत जास्त आढळतो तो प्रोस्टेटचा कर्करोग. म्हणून तिथे मिशीचा निरोप तोच असणे योग्य आहे. आपल्याकडे काय? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतीय पुरुषांच्या नव्या कर्करोगांत पहिला क्रमांक ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचा आहे, सुमारे १६ टक्के. प्रोस्टेटचा वाटा पाच-सहा टक्के. आपल्या पुरुषांचा कर्करोग मिशीच्या खाली, बोटभर अंतरावर आहे.

आणि ही बातमी नवी नाही. त्रावणकोरमधल्या पान-तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगाविषयी ऑर या डॉक्टरांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९३३ साली आला होता. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तिथल्या विकृतिशास्त्र प्रयोगशाळेची धुरा वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. अवघ्या तीन वर्षांत, १९४४ मध्ये, त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. युरोपच्या पाठ्यपुस्तकांत किरकोळ असलेला रोग इथे रांगेने येत होता.

खानोलकरांची नजर सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीवर होती, तशीच तो माणूस काय नेसतो, काय खातो, विडी कशी ओढतो यावरही होती. सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी १९४५ मध्ये लिहिलेल्या लेखाचा विषयच कर्करोग आणि चालीरीती असा होता. भारतात दिसणारे तीन नवे प्रकार त्यात मांडले होते. आंध्र किनाऱ्यावर चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढतात, त्यामुळे होणारा टाळूचा कर्करोग. बिहारकडे खैनी ओठाआड धरल्यामुळे होणारा ओठाचा कर्करोग. आणि तिसरा धोतराचा! कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या काठाखाली कातडीचा रंग उडतो, ती जाड होते आणि काहींच्या बाबतीत तिथे कर्करोग उद्भवतो. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या वृषणकोशाचा कर्करोग काजळीशी जोडला होता. खानोलकरांचे काम त्याच जातकुळीचे. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत पॉट भेटतात, खानोलकर क्वचितच भेटतात, ही खंत मी इथे नोंदवून ठेवतो.

रुग्णालयात येणाऱ्यांवरून मात्र गावात काय चालले आहे ते कळत नाही. रुग्णालयात रोग शेवटच्या टप्प्यावर पोचतो, तोही पोचलाच तर. त्यासाठी गावात जाऊन निरोगी माणसांची तोंडे पाहावी लागतात. हे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाने हाती घेतले. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण याच संस्थेची, त्यामुळे जुन्नरच्या वाचकांना तिचे नाव परके नाही. पण ती दुर्बीण उभी राहण्याच्या कितीतरी आधी याच संस्थेची माणसे तोंडात डोकावायचा आरसा घेऊन पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत फिरत होती. फली मेहता, प्रकाश गुप्ता, दफ्तरी आणि कोपनहेगनचे पिंडबोर्ग ही त्यांतली काही नावे. आधी पाच जिल्ह्यांमध्ये ५०,९१५ ग्रामस्थांची पाहणी झाली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. मग महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची, ती १९७२ मध्ये. घरोघर जायचे, तोंड उघडायला लावायचे, गालाच्या आत, जिभेच्या कडेला, ओठाआड पाहायचे आणि सवयी विचारून लिहून घ्यायच्या. एक लाखाहून अधिक तोंडे! संगणक टेबलावर मावत नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

या पाहणीत मशेरीचा आकडा निघाला. मशेरी लावणाऱ्या स्त्रिया ३९ टक्के, पुरुष एक टक्क्याहूनही कमी. पुरुष तंबाखू-चुना मळून खात. गावोगावच्या या अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा एकच गोष्ट पुढे आली. तोंडातले पांढरे चट्टे आणि कर्करोग जवळजवळ केवळ तंबाखूची सवय असलेल्यांतच सापडत होते. त्याच लोकांकडे वर्षानुवर्षे परत गेल्यावर असेही दिसले, की नवा कर्करोग बहुधा आधीपासून असलेल्या चट्ट्याच्या जागीच उगवतो. म्हणजे हा रोग येण्यापूर्वी वर्दी देतो, आणि ती वर्दी नुसत्या डोळ्यांना दिसते.

प्रोस्टेटचा कर्करोग 'पुरुषांचा' आहे कारण ती ग्रंथी पुरुषांनाच असते. तोंड सर्वांनाच असते. तोंडाचा कर्करोग पुरुषांत जास्त आहे तो केवळ सवयीमुळे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले ३५.५ टक्के पुरुष आणि १७ टक्के स्त्रिया तंबाखू वापरत होत्या. मधल्या काळात गुटख्याची पुडी आली. मुंबईच्या जोशी यांनी १९५३ मध्ये वर्णन केलेला एक विकार, गालाच्या आतले आवरण ताठ होऊन तोंड उघडेनासे होण्याचा, शाळकरी वयाच्या मुलांत दिसू लागला. त्यामागे मुख्यतः सुपारी आहे. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २००३ मध्ये दिला. महाराष्ट्राने गुटख्यावर २००२ मध्ये बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये पुन्हा घातली. पुड्या कुठे मिळतात हे शिक्षकांना मी सांगायला नको.

जागृतीचा परिणाम रोगानुसार बदलतो, हेही या दोन रोगांकडे पाहून कळते. प्रोस्टेटसाठी रक्तातल्या पी.एस.ए. या प्रथिनाची चाचणी आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये तिला रोग शोधण्यासाठी मान्यता मिळाली आणि लाखो निरोगी पुरुषांनी ती करून घेतली. त्यात असेही अनेक कर्करोग सापडले, जे इतके हळू वाढतात की त्यांनी त्या माणसाला जन्मभर त्रास दिला नसता. उपचारांनी मात्र त्रास दिला. अखेर तिथल्या तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये ही सरसकट चाचणी नको म्हटले. २०१८ मध्ये सुधारणा करून ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे, असे सांगितले. तोंडाचे तसे नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी घटले. साधने कोणती, तर प्रकाश, डोळे आणि थोडे प्रशिक्षण.

सलूनमध्ये यातले काय नव्हते? भरपूर उजेड होता. मोठा आरसा होता. दिवसाला पंचवीस-तीस पुरुषांचे चेहरे वीतभर अंतरावरून पाहणारा, गाल ताणून धरणारा माणूसही होता. त्याला एवढेच सांगायचे होते: गालाच्या आत किंवा ओठाआड पांढरा अथवा लाल चट्टा दिसला आणि तो पुसून जात नसेल, एखादा फोड दोन-तीन आठवड्यांत भरला नसेल, उभी तीन बोटे तोंडात जात नसतील, तिखट अचानक सोसेनासे झाले असेल, तर दंतवैद्याकडे किंवा सरकारी दवाखान्यात जायचे. आणि सुरुवात स्वतःच्या खालच्या ओठापासून करायची, चिमूट जिथे ठेवली होती तिथून.

त्या मुलाच्या मिशीने बोलणे काढून दिले होते. पुढचे वाक्य माझे होते. पुढच्या खेपेला मी उतरलो तेव्हा सोमवार होता आणि सलून बंद होते.